संत अलिंपिये रद्द होत नाहीत

चूक माझीच झाली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी ते मला सांगत बसणार नाही. परीक्षेची तारीख निवडताना मी नऊ डिसेंबरकडे निव्वळ आकडा म्हणून पाहिलं. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला ही सवय लागते. नऊ ही विषम संख्या आहे, दहाच्या आधी येते, आणि त्या दिवशी दुपारी बाराची वेळ रिकामी होती. मी बटण दाबलं.

डब्लिनच्या एका प्रयोगशाळेने मला नोकरी देऊ केली होती. अट एकच: डिसेंबर संपायच्या आत इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचा निकाल हातात हवा. नाही तर जागा दुसऱ्याला. परीक्षा घरबसल्या, संगणकासमोर. खोलीत दुसरं कुणी नको, दुसऱ्या कुणाचा आवाज नको, दार उघडलं की परीक्षा संपली. खोलीच्या चारही भिंतींचे फोटो मी आधीच पाठवले होते आणि ते मंजूरही झाले होते. माझ्या खोलीला याआधी कुणीही मंजुरी दिलेली नव्हती, त्यामुळे मी जरा खुशीत होतो. ती खुशी जेवणाच्या टेबलापर्यंत टिकली.

"किती तारखेला म्हणालास?" बाबांनी विचारलं.

"नऊ डिसेंबर."

बाबांचा उजवा पाय टेबलाखाली जोरात पुढे गेला. बाबांनी उभा जन्म इथे सर्बियात, वाल्येवोतल्या पोरांना गाडी शिकवली. संकट दिसलं की त्यांचा पाय आजही ब्रेक शोधतो. डॉक्टरांच्या मते कमरेतून त्या पायात उतरणारी कळसुद्धा तिथूनच आली आहे. "अरे गाढवा," कळवळत बाबा म्हणाले, "नऊ डिसेंबरला संत अलिंपिये!"

म्हणजे आमची स्लावा. घराण्याच्या संताचा दिवस. पोळीसारखा गोल पाव कापायचा, मेणबत्ती लावायची, आणि दुपारपासून जो दारात येईल त्याला बसवून खाऊ घालायचं. त्या दिवशी माझी खोली पाहुण्यांचे कोट ठेवायची खोली असते. मंजूर झालेल्या फोटोत पलंग रिकामा होता.

त्यातून आई ऑस्ट्रियात ग्राझला गेलेली, मावशीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया म्हणून. बाबांना खुर्चीतून उठायला दोन प्रयत्न लागत. आणि आमच्याकडे यजमानाने दिवसभर उभं राहायचं असतं. पाहुणे बसतात, यजमान बसत नाही.

मी परीक्षेच्या कार्यालयाला फोन लावला. बरीच वाट पाहिल्यावर एक अतिशय सभ्य मुलगा आला. तारीख बदलता येणार नाही, तो म्हणाला. मी परीक्षा सोडून देऊ शकतो, मग पुढची तारीख फेब्रुवारीत. हे सांगताना त्याने एक इंग्रजी क्रियापद वापरलं, 'कॉल ऑफ'. मला ते अर्धवट कळलं. नुकसान होणार एवढा अर्धा भाग पोहोचला.

त्याच संध्याकाळी मी लेपोसावाबाईंकडे इंग्रजीच्या शिकवणीला गेलो. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, स्वयंपाकघरातच शिकवतात. त्यांचा एक नियम आहे. जे क्रियापद तुम्ही स्वतःच्या आयुष्यात वापरलं नाही आणि ज्यावर समोरच्या जिवंत माणसाने काही केलं नाही, ते तुम्हाला येत नाही. पाठांतराला त्या शून्य गुण देतात. प्रयोगाशिवाय ज्ञान नाही, हे मलाही विद्यापीठात शिकवलं होतं, म्हणून तो नियम मला पटला. इतकं चटकन काही पटून घेऊ नये.

"कॉल ऑफ म्हणजे रद्द करणं," मी म्हणालो.

"रद्द तर तिकीटही होतं," भोपळा किसत बाई म्हणाल्या. "त्याला खिडकीवरचा माणूस पुरतो. हे क्रियापद मोठं आहे. आधी काहीतरी ठरलेलं पाहिजे. मग, ज्याने ठरवलं त्यानेच ते मोडलं पाहिजे, निदान तेवढा अधिकार तरी हवा. आणि जे येणार होते त्यांना कळलं पाहिजे. यातलं एक जरी नसलं तर ती नुसती गैरहजेरी."

"आणि पुढे ढकललं तर?"

"ते दुसरं क्रियापद. त्याची शिकवणी वेगळी. चल, आठवड्यात तीन वापर करून दाखव."

घरी येऊन शब्दकोश पाहिला. त्यात हे क्रियापद लग्नाला होतं, संपाला होतं, पावसात बुडालेल्या सामन्याला होतं, बेपत्ता गिर्यारोहकाच्या शोधाला होतं, आणि एका ठिकाणी कुणाच्या तरी अंगावर सोडलेल्या कुत्र्याला होतं. सगळी मोठी मोठी कामं. इंग्रज माणूस एवढं सगळं सोडून देऊनही साम्राज्य कसं चालवत होता, हा विचार मी बाजूला ठेवला.

पहिला वापर दंतवैद्यावर. मी वेळ ठरवली होती, मीच मोडली, त्याच्या मदतनिसाला कळवलं. बाईंनी फोनवरच तो नामंजूर केला. "एका दातासाठी हे क्रियापद काढत नाहीत. निदान थोडी माणसं तरी हवीत."

दुसरा वापर इमारतीच्या सभेवर. सभेचे अध्यक्ष बाबा, आणि त्यांच्या कमरेमुळे कारभार माझ्याकडे आलेला. गच्ची गळते म्हणून दर महिन्याला सभा ठरते आणि दर महिन्याला आम्ही बापलेक जिन्याखाली उभे राहून परत येतो, कारण तिसरं कुणी येत नाही. म्हटलं, इथे धोका नाही. मी घरोघरी सांगितलं की या महिन्याची सभा रद्द. संध्याकाळी सातला जिन्याखाली उभं राहायला जागा नव्हती. रद्द केली म्हणजे काहीतरी लपवताय, असं सगळ्यांचं म्हणणं. इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदा गणसंख्या पूर्ण झाली आणि गच्चीच्या दुरुस्तीची देखरेख माझ्याकडे सोपवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. पण एका निरीक्षणावरून नियम मांडू नये, असं मला शिकवलं आहे. मी तिसऱ्या प्रयोगाकडे वळलो.

"बाबा, यंदा स्लावा करायची नाही असं ठरवू या."

पाय ब्रेकवर. "कोण ठरवणार?"

"तुम्ही. यजमान तुम्ही आहात."

"आणि स्लावा करायची असं मी ठरवलं होतं का? माझ्या बापाने तरी ठरवलं होतं का? संत येतात. आपण घरात असतो."

"मग पाहुण्यांना तरी कळवू, की येऊ नका."

"कोणत्या?"

"येणार आहेत त्या."

"कोण येणार आहे?"

"मला काय माहीत? आपण कुठे कुणाला बोलाव..." इथे मी थांबलो.

स्लावाचं आमंत्रण देत नाहीत. दिलं तर माणूस रागावतो, म्हणतो, मला काय परका समजलास? मागच्या वर्षी जो आला तो येतो, तो ज्याला बरोबर आणेल तो येतो, आणि त्याचा मेव्हणा वाटेत भेटला तर मेव्हणाही येतो. म्हणजे कुणी ठरवलेलं नाही, कुणाला बोलावलेलं नाही आणि कुणाला कळवावं हे माहीत नाही. लेपोसावाबाईंच्या तीन अटींपैकी एकही पुरी होत नव्हती. शब्दकोशात संपसुद्धा मावत होता, आमची स्लावा मावत नव्हती.

"या कामात तू मला विचारायला हवं होतंस," आमचे शेजारी मिल्युटिनकाका म्हणाले. ते निवृत्त स्टेशनमास्तर. भिंत पातळ असल्यामुळे त्यांना आमच्या घरातलं काहीही वेगळं सांगावं लागत नाही. "रद्द करणं म्हणजे काय ते मला विचार. मी हयातभर गाड्या रद्द केल्या. प्रवाशाला तोंडी सांगितलं की तो भांडतो. भिंतीवर कागद लावला की मुकाट घरी जातो."

"पण काका, लोक दुखावतील."

"म्हणून मजकूर कसा हवा? थोडक्यात. आडनाव मोठं, म्हणजे लांबून वाचता येईल. खाली तारीख. आणि भोवती चौकट घाल. चौकट असली की माणूस गंभीरपणे घेतो."

मी मजकूर अतिशय काळजीपूर्वक लिहिला. 'ग्वोझ्देनोविच कुटुंब' वरती ठळक. खाली, 'नऊ डिसेंबर रोजी आम्ही नेहमीप्रमाणे आपलं स्वागत करू शकणार नाही. आपण समजून घ्याल ही खात्री आहे.' छपाईयंत्रात एकच रंग शिल्लक होता, म्हणून चौकट काळी. कागद खाली इमारतीच्या दारावर चिकटवला.

आमच्या गावात दारावर काळ्या चौकटीचा कागद कधी लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून मी मृत्यूच्या सूचना विजेच्या खांबांवर वाचत आलो आहे. अक्षरओळख निम्मी त्यांच्यावरच झाली. पण मी मजकूर तपासत होतो. चौकट ही मजकूर नव्हे.

सकाळी तळमजल्यावरच्या बोसिल्काकाकू दारात उभ्या. काळी शाल, हातात कॉफीचा पुडा आणि साखर. त्यांनी मला छातीशी धरलं.

"कधी रे बाळा?"

मला वाटलं परीक्षेबद्दल विचारताहेत. मी हेलावलो. "नऊ तारखेला, दुपारी बाराला."

"इथेच?"

"इथेच, माझ्या खोलीत. कॅमेऱ्यासमोर."

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "काय एकेक निघालंय. आणि आई... ग्राझलाच?"

"हो, ग्राझलाच. इतक्यात आणणं जमणार नाही. मावशीचा गुडघा बरा झाल्याशिवाय कसं आणणार?"

बोसिल्काकाकू जिन्यावरून रडत खाली गेल्या. मावशीच्या गुडघ्याबद्दल एवढी आस्था मला थोडी जास्त वाटली, पण माणसं हळवी असतात.

दुपारी आईचा फोन आला.

"रेल्या, मी वारले का?"

"काय?"

"आत्ता तुझ्या बाबांच्या चुलतभावाचा फोन होता. तुझ्या मावशीचं सांत्वन करायला. मी उचलला तर तो किंचाळला. मला एवढंच सांग, कशाने गेले? आणि माझ्या मर्तिकाच्या जेवणाला घेवडा कोण शिजवणारे? तू? काल रात्री भिजत घातलास का?"

"आई, मी फक्त स्लावा रद्द..."

"तरीच. स्लावा रद्द केली म्हटल्यावर लोक काय समजणार? मी तुझ्या बाबांना सोडून गेले असं तरी समजतील, नाही तर हे जग सोडून गेले असं. दुसरं कारण असूच शकत नाही. घेवडा भिजत घाल."

मी खाली धावलो, कागद फाडला आणि नवा लावला: 'ग्वोझ्देनोविच कुटुंबात कुणीही वारलेलं नाही.' मिल्युटिनकाकांच्या आग्रहाखातर चौकट तशीच ठेवली, लोकांना एव्हाना सवय झाली होती म्हणून. संध्याकाळपर्यंत गावात पसरलं की बाबांची शेवटची घटका चालू आहे आणि डॉक्टरांनी नऊ तारीख दिली आहे.

"रेल्वेतही असंच व्हायचं," काका विचारपूर्वक म्हणाले. "'गाडी वेळेवर आहे' असं लिहिलं की निम्मे प्रवासी लगेच बसने जायचे."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू रद्द करण्याबद्दल विचारलंस. रद्द न करण्याबद्दल कुठे विचारलंस?"

लेपोसावाबाईंना मी सगळा अहवाल दिला. त्या इतक्या हसल्या की किसणी बाजूला ठेवावी लागली. "वापर चूक," त्या म्हणाल्या, "पण प्रतिक्रिया उत्तम. इतक्या वर्षांत कुणाला एवढी प्रतिक्रिया मिळाली नाही." मी म्हणालो, बाई, माझी नोकरी जाईल. तेव्हा त्या किसणी पुन्हा उचलत म्हणाल्या, "मग दाराला कुलूप लाव."

कोट ठेवायच्या खोलीला कुलूप कधीच नव्हतं.

आदल्या दिवशी खेड्याहून स्तामेनाआत्या आली. बरोबर दोन पिशव्या मासे, अक्रोड, आणि एक मोठं पातेलं. उपासाचे दिवस, त्यात मासे चालतात, मांस नाही. "यंदा गर्दी होणार," कोट काढायच्या आधीच ती म्हणाली. "स्लावाला येणारे येतीलच. शिवाय झिवादिनला शेवटचं भेटायला येणारे वेगळे."

"आत्या, बाबांना काही झालेलं नाही."

"ते मी सांगितलं वाटेत सगळ्यांना. म्हणाले, मग तर यायलाच पाहिजे."

नऊ तारखेला साडेअकरापासून माणसं यायला लागली. निम्मी फुलं आणि वाइन घेऊन, निम्मी काळ्या कपड्यांत कॉफी-साखर घेऊन. दारात दोन्ही प्रकारच्या पाहुण्यांसमोर आत्या तेच धरत होती: साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू आणि चमचा. आमच्याकडे संताच्या दिवशीही गहू आणि मेलेल्याच्या दिवशीही गहू, त्यामुळे कुणाचीच खात्री पटेना. एक जण बाबांना पाहून म्हणाला, "देवाने परत पाठवलं!" आणि त्यांच्या गळ्यात पडला. बाबा टेबलाच्या टोकाला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बाटली, उभे.

कोट मी न्हाणीघरात रचले. मिल्युटिनकाकांना माझ्या दाराबाहेर पहाऱ्याला बसवलं. बाराला पडद्यावर परीक्षक बाई आल्या. करडा स्वेटर, शांत चेहरा. त्यांनी कॅमेरा चारही बाजूंना फिरवायला लावला. पलंग रिकामा. सगळं मंजूर फोटोसारखं. मी बोलू लागलो. माझं शिक्षण, माझा छंद, प्लास्टिकच्या कचऱ्याबद्दल माझं मत. मत चांगलं चाललं होतं.

तेवढ्यात दाराबाहेरून काकांचा तो आवाज आला, ज्याने पूर्वी तीन फलाट हलत. "लक्ष द्या! आत परीक्षा चालू आहे! प्रवाशांनी शांतता राखावी!"

"तुमच्या खोलीत कुणी आहे का?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"खोलीत नाही," मी अत्यंत अचूक उत्तर दिलं.

आणि दार उघडलं. काकांनी पाहुण्यांना अडवलं होतं. आत्याला अडवण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला नव्हता. हातात तबक, तबकात गहू. "घर माणसांनी भरलंय, बाप एका पायावर उभा आहे, आणि हा इथे बसून... ही कोण?"

"आत्या, बाहेर जा. परीक्षा आहे."

"असेल. पण आज आपल्या घरात आली ना बाई? गहू न देता बसवून ठेवलंस तिला?" आणि तिने चमचा भरून कॅमेऱ्यासमोर धरला. "घे गं. लाजू नकोस."

परीक्षक बाई चमच्यापासून किंचित मागे सरल्या. मग म्हणाल्या की दिलगीर आहे, पण ही परीक्षा त्यांना रद्द करावी लागेल. क्रियापद तेच. काहीतरी ठरलं होतं, मोडणाऱ्याला अधिकार होता, आणि ज्याला कळायला हवं त्याला कळलं होतं. इतका शुद्ध वापर मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी इंग्रजीत ओरडायला लागलो. म्हणालो, तुम्हाला सोपं आहे हो रद्द करणं! मी महिनाभर रद्द करतोय! मी सभा रद्द केली तर माणसं आली, स्लावा रद्द केली तर दुप्पट आली, माझी आई जिवंतपणी स्वतःच्या सांत्वनाचे फोन घेतेय, न्हाणीघरात कोट आहेत, आणि मला ना आयर्लंडचं प्लास्टिक माहीत ना इथलं, मला फक्त ती नोकरी हवी आहे! बरंच बोललो. शब्द शोधावा लागला नाही.

परीक्षक बाई ऐकत होत्या. "पण या लोकांना बोलावतं कोण?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"मग ताटं किती मांडायची हे कसं कळतं?"

"कळत नाही! कधीच कळलेलं नाही!"

त्यांनी काहीतरी टाइप केलं. मग म्हणाल्या, "तुमच्या इंग्रजीबद्दल मला आता शंका नाही. पण नोंद मला नियमाप्रमाणेच करावी लागेल. तांत्रिक व्यत्यय म्हणून लिहिते, म्हणजे नवी फी पडणार नाही आणि याच महिन्यात पुन्हा बसता येईल. एकच जागा आहे. एकोणीस डिसेंबर, बारा वाजता." आणि पडदा काळा झाला.

मी डोकं धरून बसलो. एकोणीस म्हणजे संत निकोला. दारातून बाबांचा आवाज आला. ते काठीवर रेलून कधीचे उभे होते. "घेतलीस का तारीख?"

"बाबा, एकोणीस म्हणजे..."

"म्हणजे निकोला! निम्मं वाल्येवो यजमान आणि उरलेलं निम्मं पाहुणे. या इमारतीत चिटपाखरूही नसेल. गाढवा, वर्षात शांततेचा एकच दिवस आहे आणि तो तुला मिळाला."

मी बाहेर आलो. बाबांच्या कपाळावर घाम होता आणि उजवा पाय थरथरत होता. "आता बसा," मी म्हणालो.

"यजमान बसत नाही."

मी त्यांच्या हातातली बाटली धरली. त्यांनी लगेच सोडली नाही. मग सोडली, आणि भरल्या खोलीसमोर, काळ्या कपड्यांतल्यांना आणि फुलं आणलेल्यांना एकत्रच म्हणाले, "यापुढे अलिंपिये याच्याकडे. यजमान हा." आणि बसले. लोकांनी पेले उंचावले. मी शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभा होतो, आणि सांगायला हरकत नाही, पाय दुखतात.

एकोणीसला इमारत इतकी शांत होती की मला स्वतःचाच आवाज परका वाटला. या वेळी परीक्षक दुसरे होते, त्यांनी मला रेल्वेप्रवासाबद्दल विचारलं, आणि त्या विषयावर मला बरंच माहीत होतं. वर्ष संपायच्या आत निकाल आला. पास. डब्लिनहून पत्र आलं, या म्हणून.

बातमी कळल्यावर आत्याचा फोन आला. अभिनंदन केलं, थोडी रडली, मग विचारलं, "तिथे जायला विमान बदलावं लागतं का रे?"

"एकदा. का?"

"तिकडे मासे मिळत असतील ना? की इथून आणू? मिल्युटिन म्हणत होता, बरीच माणसं एकदम निघाली तर तिकिटात सवलत मिळते. बोसिल्काची बहीणही तयार आहे."

"आत्या," मी म्हणालो, "पुढच्या डिसेंबरला मी कुणालाही बोलावलेलं नाही."

"माहीत आहे रे," आत्या म्हणाली. "बोलावलं असतंस तर कशाला आलो असतो?"